दुकानातली पहिली खरी तलवार

प्रताप नगरात आमचं ड्रेपरीचं दुकान आहे. आमचं म्हणायची जिभेला सवय लागली आहे, एवढंच. दुकान भाऊंचं आहे आणि मी तिथं कामाला आहे. शाळांची गॅदरिंगं, गणपतीतली नाटकं, कॉलनीतले फॅन्सी ड्रेस, यांना लागणारे कपडे आणि सामान आम्ही भाड्यानं देतो. खाली मावळे, पऱ्या, पोलीस, गाजर आणि वाघ हँगरला लटकलेले असतात. वर माळ्यावर शस्त्रं. पत्र्याच्या तलवारी, फायबरच्या गदा, पुठ्ठ्याच्या ढाली, लाकडी बंदुका, आणि सगळ्यांवर चंदेरी रंगाचा हात.

त्यातलं एकही खरं नाही, आणि याचा भाऊंना अभिमान. नवा होतो तेव्हा मी एकदा म्हटलं होतं, राजाच्या ड्रेसवर पितळी मुठीची एखादी चांगली तलवार घेऊ, गिऱ्हाईक खूश होईल. भाऊ म्हणाले, "आपल्याले खरं नाही पाहिजे गा, खऱ्यासारखं पाहिजे." खरी आणली तर पोट्टे एकमेकाचे डोळे फोडतील, हे त्यांनी पुढं जोडलं. मला ते पटलं. नंतर कितीतरी गिऱ्हाइकांना मी तेच वाक्य ऐकवलं, जसं काही माझंच आहे.

मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा. आठवीनंतर शाळा सुटली. मामा एका नाटक कंपनीत पडद्यामागं काम करायचा, त्याच्याबरोबर फिरायला लागलो. कंपनी नागपुरात आली आणि मला कावीळ झाली. पुढचा प्रयोग अमरावतीला होता. कंपनीनं ड्रेपरी भाऊंकडून घेतली होती, तेवढीच ओळख. सामान परत न्यायला आलेल्या भाऊंनी मला विंगेत चादर गुंडाळून पडलेला पाहिलं आणि सामानाबरोबर मलाही रिक्षात घातलं. घरी त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला बिनतेलाचं, बिनमिठाचं खाऊ घालून उभं केलं. मामा परत न्यायला आला तोवर मी माळ्यावरच्या ढाली रंगवायला शिकलो होतो. मी राहतो म्हणालो. भाऊ म्हणाले, राहू दे.

तेव्हापासून राहतो आहे. ज्याच्यावर असे उपकार होतात तो माणूस निवांत बसत नाही, निदान मी तरी बसलो नाही. कुणी काही बोललेलं नसताना मी चुका शोधत असतो. भाऊ दुपारी जरा गप्प असले की मी सकाळपासूनचं आठवून पाहतो. काकूंच्या स्वयंपाकघरात मी इतक्या वर्षांत स्वतःच्या हातानं एकाही भांड्यावरचं झाकण उचललेलं नाही. ताट समोर येतं, ते खातो.

एक गोष्ट मात्र माझी होती. खांडेनवमीला दुकानात शस्त्रपूजा होते. भाऊंचं घर उमरेडकडचं विणकराचं. त्यांच्या आजोबांचा हातमागाचा धोटा अजून जपून ठेवलेला आहे, तो मधोमध मांडायचा आणि भोवती आमच्या सगळ्या खोट्या तलवारी, गदा, धनुष्यं, बंदुका. बाहेरचा माणूस हसेल, पण आमचं पोट त्यांच्यावर आहे. मी आलो त्याच वर्षी नवमीला भाऊंची कंबर धरली, पाटावर बसता येईना. ते मला म्हणाले, तू बस, रोज यांची धूळ तूच पुसतो. दुसऱ्या वर्षी कंबर बरी होती, तरी त्यांनी मलाच बसवलं. पुढं तसंच चालू राहिलं. पूजेचा फोटो मी आईला पाठवतो. ती तो वाडीभर दाखवते, की मालकाच्या घरची पूजा माझा मुलगा करतो. आठवीत शाळा सोडलेल्या मुलाचं तिच्याकडं दाखवण्यासारखं दुसरं काही नाही.

आणि मग भाऊंचा भाचा आला.

भाऊंच्या बहिणीचा हा मुलगा. वाढला पुण्याला, इंजिनिअर झाला, आणि नोकरीनं त्याला कोराडीच्या वीज केंद्रात आणून टाकलं. तिथल्याच कॉलनीत क्वार्टर मिळालं. दर रविवारी मोटरसायकलवर यायचा, बुटांवर राखेची बारीक पूड घेऊन. दारातून आत आला की सरळ स्वयंपाकघरात जायचा आणि एकेका भांड्यावरचं झाकण उचलून बघायचा. काकू त्याला "राजा" म्हणायच्या. मला सगळे "कोकणी" म्हणतात. त्यात प्रेम आहे, मला माहीत आहे. पण झाकण उचलल्याचा आवाज आला की मी हातातलं काम थांबवून ऐकायचो.

मुलगा वाईट असता तर बरं झालं असतं. तो मला दादा म्हणायचा, माझ्यासाठी वेगळा चहा आणायचा. त्याला एक छंद होता. चार-सहा मित्रांबरोबर सकाळी मैदानावर जाऊन तो हजार वर्षांपूर्वीचा व्हायकिंग व्हायचा. उत्तरेकडचे समुद्रावरचे लढवय्ये लोक, त्यांच्यासारखे कपडे घालायचे, ढाली घ्यायच्या, ठरवून बसवलेली लढाई करायची. बाहेरच्या देशांत म्हणे हजारो लोक हे करतात, तंबू ठोकून आठ-आठ दिवस राहतात. कपडे आमच्याकडंच शिवायला दिले. मूळचे लोकरीचे असतात, पण नागपुरात लोकर घातली तर लढाईआधीच माणूस पडेल, म्हणून भाऊंनी बोटांनी चाचपून एक जाड सुती कापड निवडलं आणि मी अंगरखे शिवले. शिवताना भाचा समोर बसून विचारायचा, "दादा, तुम्ही समुद्राकडचे. होडीचं काही सांगा ना." मला होडीत बसलं की ओकारी येते. बाबांची पिठाची गिरणी होती, आमच्या घरातला कुणी मासे धरायला गेलेला नाही. पण मी सांगत राहिलो. वारा कसा, भरती कशी, ऐकीव सगळं. मला असं कुतूहलानं कुणी काही विचारलेलं नव्हतं, आणि त्याच माणसाचा मी हेवा करत होतो. हे दोन्ही एकाच वेळी कसं चालतं, ते ज्याचं त्याला कळतं.

तलवारीचं निघालं ते पावसाळ्यात. त्यांच्या गटातल्या एकानं खरी पोलादी तलवार मागवली आणि भाच्याची झोप उडाली. आमची पत्र्याची तलवार त्या पोलादावर पहिल्याच वाराला दुमडली. तो दुमडलेलं पातं घेऊन दुकानात आला, कसनुसा हसत. मला बरं वाटलं. म्हणजे यालाही कुणाचा तरी हेवा वाटतो तर.

मग रविवार-रविवार मोबाईलवर तलवारी बघणं सुरू झालं. भाऊ चष्मा लावून बसायचे. पहिली बघून म्हणाले, "ही तं फूटपट्टी आहे." खरंच तशी असते ती. आपल्या तलवारीसारखा बाक नाही, हात झाकणारी वाटी नाही. सरळ रुंद पातं, मधून एक उथळ पन्हळ, मूठ एका पंजापुरती, आडवी दांडी बोटभर, आणि मुठीच्या टोकाला पावासारखा फुगीर गोळा. भाच्यानं आम्हाला समजावलं की दोन जातीच्या मिळतात. एक भिंतीवर टांगायची. ती चकाकते, धारही असते, पण पात्याचा आत जाणारा भाग मुठीत बारीक गजासारखा जोडलेला असतो, जोरात मारली की मूठ हातात आणि पातं समोरच्याच्या अंगावर. दुसरी लढायची, तिचं पोलाद मुठीतून आरपार शेवटपर्यंत जातं आणि गोळ्याच्या मागं ठोकून बसवलेलं असतं. तिला धार नसते, कडा जाड आणि टोक गोल ठेवतात. डेहराडूनकडे अशा बनवणारे कारखाने आहेत, तिथून त्या साता समुद्रापार जातात.

मी म्हटलं, धार नाही तर मग ती खरी कशी?

तो म्हणाला, "वजन खरं असतं ना दादा. पोलाद खरं. फक्त मारत नाही."

भाऊ हसले. म्हणजे आपल्याच तलवारीची शिकलेली बहीण आहे म्हणाले. आणि मग, मी मिशांचा डबा घेऊन बसलो होतो, झुपकेदार वेगळ्या आणि कोरीव वेगळ्या करत, तेव्हा त्यांनी सहज म्हटलं, मागव, माझ्याकडून, वाढदिवसाचं समज. कोणती मागवायची? लढायची. चांगल्यातली.

मी मिशांकडं बघत राहिलो. खरं नको, खऱ्यासारखं पाहिजे, हे वाक्य मी जिवाभावानं सांभाळलं होतं. त्या वाक्यावर मी गिऱ्हाइकांशी भांडलो आहे. ते दुकानाचं वाक्य आहे असं मला वाटत होतं. ते फक्त माझ्यापुरतं होतं.

मुठीची लांबी कळवायची होती. भाच्याला स्वतःच्याच पंजावर पट्टी धरता येईना, तेव्हा त्यानं माझा हात ओढून आपल्या हातावर ठेवला. आमचे पंजे सारखे निघाले. मग त्यानं माझाच पंजा मोजला आणि ते माप कळवलं. त्या दिवसांत मला हे पुन्हा पुन्हा आठवायचं, की ती मूठ माझ्या मापाची येणार आहे आणि हात त्याचा असणार आहे.

पार्सल आलं ते नवरात्रात, भर दुपारी. लांबट लाकडी खोकं. भाऊ वर घरी जेवून आडवे झाले होते, भाचा ड्यूटीवर. मी फोन केला. तो म्हणाला, उघडा ना दादा, वाकलंबिकलं नाही ना बघा. मी म्हटलं, नको, तुम्हीच येऊन उघडा. मला ते उघडायचं होतं, फार उघडायचं होतं. त्यानं परवानगी दिलेली मला नको होती.

संध्याकाळी त्यानं खिळे काढले. आत तपकिरी कागद, कागदाखाली तेलानं माखलेलं पातं. शिवणयंत्रासारखा वास सुटला. त्यानं ती आधी भाऊंच्या हातात दिली, मग काकूंच्या, मग माझ्या. मूठ माझ्या हातात बसली ती अशी बसली की बोटं आपोआप मिटली. मी म्हटलं, जड आहे, आणि लगेच परत दिली.

काकू म्हणाल्या, "नवमी आलीच आहे रे राजा. पूजेत ठेव. सकाळी लवकर ये, आंघोळ करून ये."

भाऊ म्हणाले, हो ना, यंदा दुकानात खरं शस्त्र आलं.

एवढंच बोलणं झालं. पण मी ते माझ्या भाड्याच्या खोलीवर घेऊन गेलो आणि त्याचे सगळे अर्थ काढले. आंघोळ करून ये, हे कुणाला सांगतात? जो पाटावर बसणार त्याला. माझ्या खोट्या तलवारींना मी चालत होतो. आता खरी आली, खरा घरचा मुलगा आला. रागावायला मला जागाच नव्हती. पाट भाऊंचा, धोटा त्यांच्या आजोबांचा, भाचा त्यांच्या रक्ताचा. मी विंगेतून उचलून आणलेला. हे मला इतकं नीट कळत होतं की त्यामुळंच राग जात नव्हता.

आईचा फोन आला. "पूजेचो फोटो धाड हां," म्हणाली. मी म्हटलं, यंदा कदाचित नाही जमणार, फोन बिघडला आहे. ती म्हणाली, "मगे आता खंयच्या फोनार बोलतंस?" ताप आला म्हणावं आणि नवमीला दुकानात जाऊच नये, असंही ठरवून झालं. एकदा तर मोठ्या मनानं स्वतःच त्याला पाटावर बसवायचं आणि सगळ्यांनी थोर म्हणायचं, असंही ठरवलं. हा दुसरा बेत मला जास्त आवडला.

नवमीला मी गेलो तेव्हा भाचा आधीच आलेला होता. नवा कुर्ता, ओले केस. काकूंनी त्याला तलवारीचं तेल पुसायला लावलं होतं. असलं चिकट मेणचट पूजेत चालत नाही म्हणाल्या. त्यानं जुन्या धोतराच्या फडक्यानं पातं लख्ख कोरडं केलं होतं. पाट मांडलेला. मी शिडीजवळ उभा राहिलो.

भाऊ म्हणाले, "काहून उभा आहे गा? बस ना."

मी तयार ठेवलेलं बोललो. म्हटलं, यंदा यांना बसवा, खरं शस्त्र त्यांचं आहे.

"अन् मंत्र? थो काय इंग्रजीत म्हणणार आहे?"

भाचा हसायला लागला. अक्षता कोणत्या हातानं टाकतात तेही मला माहीत नाही म्हणाला, आणि माझ्या खांद्याला धरून त्यानंच मला पाटावर बसवलं. कुणाच्या मनात दुसरं काही नव्हतंच. इतक्या दिवसांचा माझा सगळा जाळ एका वाक्यात विझला, आणि विझल्यावर माणूस जसा सैल होतो तसा मी झालो. भलताच उत्साह आला.

दर वर्षी मी फुलानं पाणी शिंपडतो, बस. आमच्या शस्त्रांना आंघोळ सोसत नाही. चंदेरी रंग पोपडे धरून निघतो, पुठ्ठा फुगतो. त्यामुळं पंचामृत असायचं ते धोट्याला बोट लावण्यापुरतं. पण या तलवारीला काय होणार होतं? ती पोलादी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर अंगभर आंघोळ घालावी असं शस्त्र आलं होतं. आणि भाच्याला दाखवायचंही होतं की पूजा कशी करतात. मी तिला ताम्हनावर आडवी धरली आणि दूध ओतलं, दही ओतलं, तूप, मध, साखर, मग पाणी. पन्हळीतून ते संथ खाली वाहत गेलं. वरवर पुसली. हळदीकुंकू कालवून बोटांनी पात्यावर ओढलं, नुकतीच धुतलेली झेंडूची फुलं ओळीनं ठेवली, वर लाल कापड. आमच्यात नवमीला मांडलेलं शस्त्र दसऱ्याला दुपारनंतरच उचलतात, तोवर हात लावत नाहीत. काकूंनी फोटो काढला. मी तो लगेच आईला पाठवला. फोन दुरुस्त झाला म्हणून कळवलं.

दसऱ्याला दुपारी सगळे खाली आलो. भाच्यानं कापड काढलं, फुलं बाजूला केली आणि तलवार उचलली.

पात्यावर झेंडूएवढे तपकिरी गोल उमटले होते, एकापुढं एक. पन्हळीत जिथं दही बसलं होतं तिथं टोकापासून मुठीपर्यंत गंजाची रेघ. हळदीखालचं पोलाद काळं पडलेलं.

आधी काकू बोलल्या, त्यांच्या मनात काही नसेल, त्या नेहमी मोठ्यानं विचार करतात. "कोकणी, तुमच्याकडं तं लोखंड महिन्यात खाऊन जाते म्हणतो ना तू?"

म्हणतो. नागपूरच्या हवेचं कौतुक करताना मी नेहमी तेच म्हणतो. आमच्याकडं गिरणीचे नटबोल्ट गंजून हातात यायचे, बाबा कोयत्याला तेल लावल्याशिवाय खुंटीला अडकवत नसत. सगळ्या गावात गंज पाहत वाढलेला माणूस मी. आणि नागपुरात राहून, पत्र्या-पुठ्ठ्यांत राहून, उघडं पोलाद ओलं ठेवू नये हे माझ्या ध्यानातून साफ गेलं होतं. हे कुणाला खरं वाटणार? माझंच मला वाटेना. वर्षभर मी त्या मुलाकडं आणि पुढं त्या तलवारीकडं ज्या नजरेनं पाहत होतो, त्यानंतर तीच तलवार माझ्याच हातून नासली. मी भाऊंकडं पाहिलं. ते तलवारीकडं बघत होते, मग माझ्याकडं बघायला लागले, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिले. आता हा पाट गेला, मी मनात म्हटलं. बहुतेक दुकानही.

भाचा म्हणाला, "मामी, तेल मीच पुसलं ना. आणि मला माहीत होतं. पूजा चालू होती, मध्ये कसं बोलायचं म्हणून गप्प बसलो."

त्याला माहीत होतं. मी ओतत होतो आणि तो हात जोडून बघत होता, आपली तलवार जाते आहे हे माहीत असून. मी पाटावर आहे म्हणून.

त्यानं मोटरसायकलला अडकवलेल्या पिशवीतून बारीक पॉलिश पेपर आणला, मी शिवणयंत्राचं तेल घेतलं, आणि आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर तलवार आडवी घेऊन बसलो. रस्त्यानं लोक आपट्याची पानं घेऊन चालले होते. तो टोकाकडून घासत होता, मी मुठीकडून. गंज निघाला, पण डाग राहिले, फिकट, ढगासारखे. तो म्हणाला, बरं दिसतंय उलट, हजार वर्षांची वाटते. मला ते सोसेना. मी विचारून टाकलं.

"तुम्हाला असं नाही ना वाटलं, की मी मुद्दाम केलं?"

त्यानं हात थांबवून माझ्याकडं पाहिलं. "मुद्दाम? का?"

तो टाळत नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं. वर्षभर मी त्याच्या बुटांचा आवाज ऐकून तोंड फिरवलं, त्याच्या चहाला मुद्दाम नको म्हटलं, तो "दादा" म्हणाला की ओठ आवळले, आणि त्यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. त्याच्या आयुष्यात माझा हेवा कुठं आडवाही आला नव्हता. मी म्हटलं, काही नाही, आणि घासायला लागलो. त्याला सगळं कळून त्यानं मला माफ केलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. पण त्याला माफ करायचीही गरज पडली नव्हती. ज्याला आपली जागा कधी तपासून बघावी लागली नाही, त्याला असं वागता येतं. त्या दिवशी मला त्याच्या तलवारीचा हेवा उरला नाही. हा दुसराच सुरू झाला, आणि हा जास्त वाईट.

पुढच्या रविवारी आमच्या भागातल्याच एका शाळेत त्यांचा कार्यक्रम होता. मी शिवलेले अंगरखे घालून ते सगळे मैदानात उतरले, घामानं पहिल्या पाच मिनिटांत ओले. त्या दुसऱ्या मित्राची तलवार आरशासारखी होती. आमची मळकट. पोरांनी गराडा घातला तो आमच्याच तलवारीला, ही खरी जुनी आहे का विचारत. भाचा म्हणाला, दादांना विचारा, त्यांनी तिला जुनी केली. पोरं माझ्याकडं वळली. तो हसत होता, मलाही हसवत होता, आणि मी हसलो. लढाईत शेवटी तो पडला. तसं ठरलेलं होतं. पडतानाही चांगला पडला.

परत येताना स्कूटर मी चालवत होतो, भाऊ मागं बसले होते, मांडीवर ढालींचं गाठोडं. त्यांचं तोंड दिसत नव्हतं म्हणून मला बोलता आलं. म्हटलं, भाऊ, पुढच्या वर्षी पूजेला त्यांनाच बसवा.

भाऊंनी मांडीवरचं गाठोडं सावरलं.

"काहून?"

म्हटलं, माझ्या हातून असं झालं. ते घरचे आहेत.

भाऊ म्हणाले, "थो पाहुणा आहे गा. आज कोराडीले आहे, उद्या बदली झाली का जाईन चंद्रपूरले, नाहीतं पुन्याले. थो काय वर्षभर दुकान झाडून राहिला? ज्याले कुठं जायचं नाही त्यानं बसावं पाटावर. तूच बस. दही तेवढं कमी वापर."

मी मान हलवली. रस्ता जरा पुसट दिसायला लागला होता, म्हणून गाडी हळू केली. जे ऐकायला मी इतकी वर्षं कान लावून होतो ते ऐकून झालं होतं. घरी जाऊन आईला सांगण्यासारखं होतं. पण खोटं कशाला लिहू, त्या सगळ्या बोलण्यातला एकच शब्द माझ्या डोक्यात फिरत राहिला. चौक ओलांडला, दुकानाची गल्ली आली, आणि मला राहवलं नाही.

मी विचारलं, "भाऊ, त्यांच्याकडं बदल्या कधी होतात?"

"उन्हाळ्यात," भाऊ म्हणाले. "काहून?"

"सहज," मी म्हटलं, आणि गाडी दुकानासमोर लावली.